‘नाही’ म्हणण्याचा अधिकार

फ्रीबीएसडी ही युनिक्सच्या बर्कली घराण्यातली, १९९३पासून चालत आलेली ऑपरेटिंग सिस्टीम. नव्या मदरबोर्डवर ती बसवून नेटवर्कच्या जोडण्या पाहण्यासाठी ‘इफकॉन्फिग’ ही आज्ञा दिली, तर कधी कधी यादीत एकच नाव येते: ‘एलओ०’. ही संगणकाची स्वतःशीच बोलण्याची वाट. तिचा पत्ता १२७.०.०.१. बाहेरच्या जगाकडे जाणारी वाट यादीत नसते. मागे केबल खोचलेली असते, खोक्यावर कार्डाचे वर्णन छापलेले असते, आणि पडद्यावर मात्र त्याचा मागमूस नसतो. अशा वेळी तोंडातून पहिले वाक्य निघते ते ‘कार्डच नाही’ असे. या लेखाचा विषय ते वाक्य आहे. ‘दिसत नाही’ या अनुभवावरून ‘नाही’ या निष्कर्षावर जाण्याचा अधिकार माणसाला केव्हा मिळतो, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी हजार-दीड हजार वर्षांपूर्वी फार कसोशीने हाताळला. न ओळखल्या गेलेल्या नेटवर्क कार्डाचा शोध हा त्याच प्रश्नाचा लहानसा, पण नेमका नमुना आहे, कारण इथे प्रत्येक ‘नाही’ कोणी म्हटले, कुठे म्हटले आणि कशाच्या आधारावर म्हटले, हे तपासून पाहता येते. माझे म्हणणे असे, की होकाराइतकेच नकारालाही स्वतःचे प्रमाण लागते. आणि शोध जेवढा घेतला, नकार तेवढ्यापुरताच खरा असतो.

जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कशाने कळते, हा दर्शनग्रंथांमधला नेहमीचा प्रश्न. घड्याचे नसणे डोळ्यांना दिसत नाही. दिसते ती जमीन. सातव्या शतकाच्या सुमारास कुमारिल भट्टांनी मांडले, की अभावाचे ज्ञान प्रत्यक्षातही बसत नाही आणि अनुमानातही बसत नाही. त्यासाठी अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, हे वेगळे प्रमाण मानले पाहिजे. अद्वैत वेदान्त्यांनी ते स्वीकारले. नैयायिकांनी नाकारले; अभाव हा खराखुरा पदार्थ आहे आणि एका विशिष्ट संबंधाने तो इंद्रियांनाच कळतो, असे त्यांचे मत. प्राभाकर मीमांसक म्हणाले, अभाव म्हणून वेगळे काही नाहीच, आहे ती नुसती मोकळी जमीन. बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी अनुपलब्धीला अनुमानाच्या हेतूंमध्ये जागा दिली. वाद मोठा आहे, पण नकाराची एक अट या चर्चेतून पक्की होऊन बाहेर आली: घडा तिथे असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे शाबूत हवेत, वस्तू दिसण्याजोगी हवी. या अटीला योग्यता म्हणतात. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर खोली अंधारी आहे एवढेच कळले. घड्याबद्दल काहीच कळले नाही. ईश्वरकृष्णांच्या सांख्यकारिकेने तर असलेली वस्तू न दिसण्याची आठ कारणे मोजून ठेवली: फार दूर असणे, फार जवळ असणे, इंद्रिय निकामी होणे, चित्त ठिकाणावर नसणे, वस्तू सूक्ष्म असणे, मध्ये आडोसा असणे, दुसऱ्या प्रबळ वस्तूने झाकोळले जाणे, आणि सारख्याच वस्तूंमध्ये मिसळून जाणे. ही यादी बिघाड शोधणाऱ्याच्या टेबलाशी टांगून ठेवावी अशी आहे. बायोसमध्ये नेटवर्क पोर्ट बंद करून ठेवला असेल तर तो आडोसा. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड ओळखून चालवणारी आज्ञावली, नसेल तर इंद्रियच नाही. एकसारखे दोन पोर्ट असून केबल भलत्याच पोर्टात असेल, तर ते सारख्यांत मिसळणे. आणि संगणक सुरू होताना पडद्यावरून सरकत गेलेल्या संदेशांत कारण स्पष्ट लिहिलेले असून नजरेतून सुटले, तर चित्त ठिकाणावर नव्हते.

आता त्याच संगणकावर ‘पीसीआयकॉन्फ’ ही आज्ञा द्यावी, सोबत ‘एल’ आणि ‘व्ही’ हे पर्याय जोडावेत. लांबलचक यादीत एक ओळ अशी सापडते, की जिच्या सुरुवातीला ‘नन०’ लिहिलेले असते, म्हणजे इंग्रजीतले ‘कोणी नाही’. त्याला लागूनच पत्ता असतो: पीसीआय शून्य, दोन, शून्य, शून्य. पुढे वर्ग ०२००००, निर्माता १०ईसी, उपकरण ८१२५; आणि त्याखाली शब्दांत, निर्माता रिअलटेक, वर्ग नेटवर्क, उपवर्ग इथरनेट. ही ओळ सावकाश वाचण्यासारखी आहे. जिचा पत्ता माहीत आहे, कूळ माहीत आहे, कामही माहीत आहे, अशा वस्तूच्या नावाच्या जागी ‘नाही’ लिहिले आहे. हे कसे घडते? कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, सुरू होताना पीसीआय बसवरच्या, म्हणजे कार्डे जोडणाऱ्या मार्गावरच्या, एकेका जागेला विचारतो, तुझा निर्माता कोण? उत्तराला १६ बिट असतात. जागा रिकामी असेल तर उत्तर द्यायला कोणी नसते, आणि वाचणाऱ्याच्या हाती सोळाही बिट ‘एक’ असलेली संख्या येते; संगणकाच्या लेखनात चार एफ. ही संख्या निर्माता क्रमांक म्हणून वैध धरायची नाही, हे पीसीआयच्या नियमांतच ठरलेले आहे. म्हणजे आखणी करणाऱ्यांनी शांततेलाही ओळखता येईल असे रूप दिले. इथे योग्यतेची अट पुरी होते: कोणी असते तर बोलले असते, बोलले नाही, म्हणून इथे नाही. तरीही या नकाराला हद्द आहे. खाचेत नीट न बसलेले किंवा बायोसने बंद ठेवलेले कार्डही त्याच चार एफच्या आड राहते. नकार खरा, पण तो एवढाच: या जागी, या क्षणी, उत्तर देणारे कोणी नाही.

आपल्या ओळीत तर उत्तर आलेले आहे. उत्तर आल्यावर कर्नल ड्रायव्हरांना विचारतो, हे तुझे आहे का? ड्रायव्हर आपल्याजवळच्या क्रमांकांच्या यादीत पाहतो, आणि ज्याचे सर्वांत पक्के जुळते त्याच्या हवाली उपकरण होते. जुळले नाही तर तो ‘नाही’ म्हणतो, पण त्याच्या ‘नाही’चा अर्थ ‘माझे नाही’ एवढाच असतो. अशी वस्तूच अस्तित्वात नाही, असे एकाही ड्रायव्हरने म्हटलेले नसते. ही सगळी ‘माझे नाही’ एकत्र झाली, की पीसीआयकॉन्फच्या ओळीत ‘नन’ उमटते. तिथून एक पायरी वर आल्यावर इफकॉन्फिगच्या यादीत तेवढाही उल्लेख उरत नाही. आणि यादी वाचणाऱ्या माणसाच्या तोंडी त्याचे ‘कार्डच नाही’ होते. पायरीगणिक नकार फुगत गेला, पुरावा मात्र पहिल्या पायरीवर होता तेवढाच राहिला. माणसांच्या जगातले कित्येक चुकीचे नकार याच जिन्याने वर चढतात.

मग ओळख म्हणजे काय? न्यायदर्शनात उपमान या प्रमाणासाठी गवयाचे उदाहरण देतात. गावातल्या माणसाने गवय कधी पाहिलेला नसतो. अरण्य जाणणारा कोणी त्याला सांगतो, की गवय हा गायीसारखा असतो. पुढे रानात तसा पशू समोर येतो, ऐकलेले आठवते, आणि याच पशूला गवय म्हणतात हे त्याला उमगते. नाव आणि वस्तू यांची गाठ पडते. ड्रायव्हरजवळची यादी हे ऐकून ठेवलेले वाक्य. कार्डाने सांगितलेला क्रमांक हा समोर आलेला पशू. दोन्ही असतील तरच ओळख पटते. म्हणूनच फ्रीबीएसडीत कार्डाला नाव मिळते ते ओळखणाऱ्याकडून: ‘आरई’ ड्रायव्हरने ओळखले तर ‘आरई०’, इंटेलच्या कार्डाला ‘ईएम’ने ओळखले तर ‘ईएम०’. कोणीच ओळखले नाही तर ‘नन०’. आणि ‘रिअलटेक’ हा शब्द कुठून आला? तो निर्मात्यांची नावे लिहिलेल्या एका साध्या मजकूर-फाइलीतून येतो. नाव वाचून दाखवणे आणि त्या कार्डाशी व्यवहार करता येणे यांत केवढे अंतर आहे, हे ती एक ओळ दाखवते. ८१२५ क्रमांकाच्या या चिपला फ्रीबीएसडीच्या कित्येक आवृत्त्यांमधला मूळ ‘आरई’ ड्रायव्हर ओळखत नव्हता. त्यासाठी रिअलटेकचा वेगळा ड्रायव्हर पॅकेज म्हणून बसवावा लागे. तो उतरवून घ्यायला नेटवर्क हवे आणि नेटवर्कला तो ड्रायव्हर हवा, असा हा पेच. तर्कशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात. त्यातून सुटका बाहेरूनच होते: दुसऱ्या संगणकावर पॅकेज उतरवून पेन ड्राइव्हवर आणावे लागते. मग ‘लोडर डॉट कॉन्फ’ या फाइलीत दोन ओळी लिहायच्या, संगणक पुन्हा सुरू करायचा, आणि ‘नन०’च्या जागी ‘आरई०’ दिसू लागते. कार्ड कालचेच आहे, खाच तीच आहे, पत्ता तोच आहे. बदलला तो ओळखणारा.

यावर पहिला आक्षेप असा, की यंत्राला ज्ञान होत नाही. क्रमांक जुळणे याला ओळख म्हणणे हे नुसते रूपक आहे आणि रूपकावर तत्त्वज्ञान उभे करता येत नाही. आक्षेपातला पहिला भाग मान्य करावा. ड्रायव्हरला कार्ड ‘कळत’ नाही. पण प्रमाणाचा प्रश्न यंत्राला लागू होत नाही, तो यंत्र वाचणाऱ्याला लागू होतो. डोळ्यालाही घडा कळत नाही. कळतो तो डोळ्याच्या द्वारे पाहणाऱ्याला. इफकॉन्फिग, पीसीआयकॉन्फ आणि ड्रायव्हर ही बिघाड शोधणाऱ्याची साधने आहेत, आणि साधनाची मर्यादा वस्तूच्या माथी मारण्याची चूक तो माणूस करतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. प्रत्येक नकाराला अशा अटी घातल्या तर माणूस कधीच ‘नाही’ म्हणू शकणार नाही; कार्ड खरोखर जळलेले असले तरी तो ड्रायव्हर शोधत बसेल. योग्यतेची अट नीट समजली तर ही भीती उरत नाही, कारण ती अट नकाराला जशी अडवते तशीच नकाराला परवानगीही देते. संशयित कार्ड काढून दुसऱ्या, चालत्या संगणकात बसवावे. आणि नक्की चालणारे कार्ड या खाचेत बसवावे. चालणारे कार्ड इथे दिसले आणि संशयित कार्ड तिथेही बोलले नाही, तर खाच निर्दोष आणि कार्ड मेलेले. आपल्या तर्कपरंपरेतला हा अन्वय-व्यतिरेक आहे. अशा तपासानंतरचे ‘कार्ड गेले’ हे वाक्य ठामपणे म्हणावे आणि कार्ड बदलावे. शिवाय होकारालाही तीच शिस्त आहे. क्रमांक जवळचा वाटला म्हणून भलताच ड्रायव्हर कार्डावर लादला, तर कधी काम भागते आणि कधी संगणक जागच्या जागी थिजतो. दोरीला साप समजणे ही घाईने केलेली ओळखच असते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. ‘दिसत नाही म्हणून नाही असे नाही’ हे सूत्र एकदा मान्य केले, की ईश्वरापासून भुताखेतापर्यंत सगळ्यांना अभय मिळते. तुझ्याजवळ तो ड्रायव्हर नाही, असे म्हणून कोणीही कोणालाही गप्प बसवू शकतो. हा धोका खरा आहे, आणि त्याचे उत्तरही त्याच परंपरेत आहे. सांख्यांनी न दिसण्याची आठ कारणे सांगितली ती प्रकृती, म्हणजे जगाचे मूळ कारण, का दिसत नाही हे समजावण्यासाठी. पण ती सांगून ते थांबले नाहीत. प्रकृती सूक्ष्म आहे म्हणून दिसत नाही, असे म्हटल्यावर तिची कार्ये दाखवण्याची जबाबदारी त्यांनी लगेच अंगावर घेतली. आपल्या कार्डाच्या बाजूनेही पत्ता आणि क्रमांक यांचा पुरावा उभा होता. ‘नन०’ ही अज्ञाताची नोंद असली तरी ती उत्तराची नोंद आहे. ज्याचा पत्ता नाही, ज्याचे उत्तर नाही, ज्याचे कार्य दाखवता येत नाही, त्याला ‘न ओळखलेले’ म्हणताच येत नाही. जी वस्तू स्वभावतःच अदृश्य मानली आहे तिच्याबद्दल धर्मकीर्तींची भूमिका काटेकोर आहे: नुसत्या न दिसण्यावरून तिचा अभाव ठरत नाही, उरतो तो संशय. पण संशय हे अस्तित्वाचे प्रमाणपत्र नसते. भक्ताने म्हणावे, अमुक साधना केली तर अमुक अनुभव येतो. तसे म्हटले की त्याने योग्यतेची अट स्वतःहून मांडली, आणि मग ती पाळून काहीच आढळले नाही तर नकार ऐकण्याची तयारीही त्याने ठेवावी. नास्तिकानेही म्हणावे, मी इथे पाहिले, या साधनाने पाहिले, आणि असते तर दिसले असते असे मी या कारणाने मानतो. दोघांनाही हे करावे लागेल. जो हे टाळतो, त्याचा होकार किंवा नकार ही त्याची आवड आहे. ते ज्ञान नाही.

म्हणून एक विनंती. बिघाडाच्या वहीत असो, वादात असो किंवा मनातल्या मनात असो, ‘नाही’ हा शब्द एकटा लिहू नये. कुठे पाहिले, कशाने पाहिले, आणि असते तर दिसले असते का, एवढे तीन मुद्दे त्याच्यासोबत लिहावेत. तिसऱ्या मुद्द्याचे उत्तर ‘सांगता येत नाही’ असे आले, तर ‘नाही’ खोडून तिथे ‘अजून ओळखले नाही’ असे लिहावे आणि शोध पुढे चालू ठेवावा.