मनाचं प्रगतिपुस्तक

काही शाळांच्या अ‍ॅपवर हल्ली सकाळी हजेरीच्या वेळी पाच चेहरे येतात. पहिला खळखळून हसणारा, पाचवा रडवेला. आज कसं वाटतंय ते मुलानं दाबायचं. दुपारपर्यंत वर्गाचा आलेख तयार, वर्गशिक्षिकेच्या हातात नावांची यादी तयार.

कल्पना वाईट नाही. पन्नास मुलांच्या वर्गात दंगा करणारा दिसतो, पहिल्या नंबरचा दिसतो. मधल्या बाकावरचं दुःख मात्र इस्त्रीचा गणवेश घालून, गृहपाठ पूर्ण करून येतं. ते दिसायचं तर काहीतरी मोजायला हवं, असं कुणी म्हणालं तर मी लगेच नाही म्हणणार नाही. माझं पोटच मोजमापावर चालतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सर्व्हरवर लोड किती, मेमरी किती उरली, कुठली रिक्वेस्ट अडकली, हे सगळं आम्ही स्क्रीनवर लावून ठेवतो. आकडा ठरलेल्या रेषेच्या वर गेला की रात्री दोन वाजता कुणाचा तरी फोन वाजतो. ही पद्धत चालते, कारण आपल्याकडे कुणी बघतंय हे सर्व्हरला कळत नाही. अलर्ट गेला तर चारचौघांत लाज जाईल म्हणून तो खोटा आकडा दाखवत नाही.

माणूस दाखवतो. माझी मावसबहीण आठवीत आहे, तिच्याकडे हे चेहरे आहेत. कुठला दाबतेस, असं विचारल्यावर ती म्हणाली, "पहिला." रोज? "दादा, चौथा-पाचवा दाबला की मधल्या सुट्टीत ऑफिसात बोलावतात. सगळ्यांना कळतं. डबा राहतो. मग घरी फोन." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. एखाद्या चौकात पोलीस उभा असतो म्हणून आपण दुसरी गल्ली सांगतो, तसं तिनं सांगितलं.

म्हणून प्रश्न पडतो: मुलाच्या भल्यासाठी का होईना, त्याचं मन मोजण्याचा हक्क आपल्याला आहे का?

हा प्रश्न अ‍ॅपच्या आधीचा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ उघडून बघा. मुलाला भीती, धक्का आणि चिंता यांपासून मुक्त ठेवावं, असं एक उपकलम म्हणतं. त्याच्या अगदी शेजारचं उपकलम सर्वंकष आणि सातत्यपूर्ण मूल्यमापन करायला सांगतं. दोन्ही हेतू चांगले आहेत. पण सतत मूल्यमापन होत असताना निर्भय राहायचं कसं, हे मुलानं आपलं आपण बघायचं.

त्याच वर्षी सीबीएसईनं नववी-दहावीसाठी आणलेल्या पद्धतीत 'भावनिक कौशल्यं' नावाचा रकानाच होता आणि त्याला श्रेणी मिळायची. अशा सहशालेय श्रेणी चांगल्या असतील तर अभ्यासाच्या विषयांतली श्रेणी वर सरकवायचीही सोय होती. म्हणजे मन शहाण्यासारखं वागलं तर गणिताला फायदा. २०१७ मध्ये ती पद्धत गुंडाळली गेली. आपल्या राज्यातल्या प्रगतिपुस्तकांत वर्णनात्मक नोंदी आल्या: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. प्रत्येक मुलाकडे वेगळं बघावं, हा उद्देश. प्रत्यक्षात तयार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या आणि आता त्यांच्या पीडीएफ फिरतात. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. पन्नास मनांवर प्रत्येकी तीन ओळी लिहायच्या, त्याही बाकीची कामं सांभाळून, तर माणूस पीडीएफच शोधणार.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाबद्दल जे म्हटलं त्याचा सारांश असा: ज्या आकड्याला धरून नियंत्रण करू जाल, तो आकडा भरवशाचा राहत नाही. पैशाच्या बाबतीत त्यातून धोरण चुकतं. मुलाच्या बाबतीत त्यातून एक धडा मिळतो: आपलं खरं वाटणं ही लपवायची गोष्ट आहे.

मग काही विचारूच नये का? 'पोरं होतात आपोआप मोठी' म्हणणाऱ्या पिढीनं मोजलं नव्हतं, पण ऐकलंही नव्हतं. ते परत आणण्यासारखं नाही.

मला फरक विचारण्यात आणि नोंदवण्यात दिसतो. आपल्याकडे मायेचा प्रश्न 'कसा आहेस' हा नसतोच, 'जेवलास का?' हा असतो. त्याचं उत्तर 'नाही' आलं तर विचारणाऱ्याला उठून ताट वाढावं लागतं. उत्तराचं ओझं विचारणाऱ्यावर पडतं. मुलाच्या मनाबद्दल विचारण्याचा हक्कही याच अटीवर मिळतो, असं मला वाटतं. रडका चेहरा दाबल्यावर मुलाचा डबा राहणार असेल, तर ओझं मुलावर पडलं. तेच चेहरे नावाशिवाय गोळा केले आणि आठवी 'ब' चे दर सोमवारी उतरलेले दिसले, म्हणून शाळेनं सोमवारची चाचणी, सोमवारचा तास, सोमवारचे शिक्षक तपासले, तर ओझं शाळेवर पडलं.

यात एक धोका आहे. नावं नसली तर खरोखर संकटात असलेलं एकटं मूल निसटेल. पण ते आजही निसटतंय, कारण त्यानं पहिला चेहरा दाबलाय. वर आपण निश्चिंत आहोत. तरीही एखाद्यानं खरं दाबलं असतं, हे मान्य करायला हवं. ती उणीव माणसानंच भरावी लागेल. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायला सांगितलं. त्या माणसाची खोली ऑफिसातून जाणारी नसावी. आणि त्यानं पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं की इथलं काय इथेच राहील, आणि जिवाला धोका वाटला तर काय घरी सांगावंच लागेल. ते ऐकून मूल ठरवेल बोलायचं की नाही. न बोलण्याची मोकळीक असेल, तरच त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवता येईल.

तोवर शिक्षकांच्या हातात एक छोटी गोष्ट आहे. मूल म्हणालं, "बाई, आज बरं नाही वाटत," तर कारण नंतर विचारता येतं. आधी म्हणता येतं, "बरं, तुझी तोंडी उद्या घेऊ."