हुशारी कोणाच्या मालकीची?

यंदा जूनमध्ये शाळा सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. मधल्या सुट्टीत एक पालक मुलीला घेऊन माझ्या खोलीत आले. शहापुरात त्यांचे शिवणकामाचे दुकान आहे. मुलगी आमच्याच आवारातल्या प्राथमिक शाळेत, पाचवीत.

"सर, बाई म्हणतात हिला गणितात चांगली गती आहे. दुकानात गिऱ्हाइकाचा हिशेब माझ्या आधी हीच सांगते. आता हिला कुठल्या क्लासला घालू ते सांगा. एक जण अबॅकस म्हणतो, एक जण वैदिक गणित म्हणतो. मेहुणा म्हणतो, आत्तापासूनच स्पर्धा परीक्षा. आम्ही दोघंही दहावीपर्यंत शिकलेली. घरात हिचं काय करायचं, तेच कळेना झालंय."

हे बोलणे चालू असताना मुलगी खाली मान घालून उभी होती. लाजत असेल, असे मला वाटले. मी नाव विचारले, तर ते राहिले बाजूला आणि ती म्हणाली, "सर, तुमच्या खोलीत दोनशे एकवीस फरशा आहेत. पण कपाटाखाली एखादी फुटकी असली तर मला माहीत नाही." लांबीत सतरा, रुंदीत तेरा. पंधरा वर्षे मी त्या खोलीत बसतो आहे, पण फरशा मोजाव्यात असे मला कधी सुचले नव्हते.

वडील खुलले. "बघा! म्हणत होतो ना? आता सरांना सतराचा पाढा म्हणून दाखव बघू." त्यासरशी मुलीचा चेहरा उतरला. असा उतरलेला चेहरा मी पूर्वी एकदा पाहिला होता आणि त्या वेळी तो उतरवणारा मीच होतो. म्हणून मी त्यांना म्हणालो, "आठ दिवस द्या मला. विचार करून सांगतो. मीच दुकानात येईन."

ती जुनी गोष्ट १९९९ सालची. मी मराठीचा एम.ए., नव्या उमेदीचा आठवीचा वर्गशिक्षक. गणित माझा विषय नव्हे. वर्गात वडगावचा एक मुलगा होता. वडील यंत्रमागावर कामाला. मुलाच्या वह्यांची मागची पाने आकड्यांनी भरलेली असत. सत्तेचाळीस गुणिले त्रेपन्न विचारा, डोळ्यांची पापणी लवायच्या आत तो 'दोन हजार चारशे एक्क्याण्णव' म्हणे. मला त्याचा केवढा अभिमान! स्नेहसंमेलनात, पालकसभेत, कोणी पाहुणे आले की त्यांच्यापुढे, मी त्याला उभे करीत असे. आपल्या भागात मराठी शाळांच्या पटाची काळजी तेव्हाही होतीच. मराठी माध्यमात शिकलेले पोर कुठे मागे पडत नाही, हे मला सांगायचे होते. त्या माझ्या म्हणण्याचा पुरावा म्हणून मी तेरा वर्षांच्या एका मुलाला व्यासपीठावर नेत होतो.

एका कार्यक्रमात पाहुण्यांनी त्याला तीन आकडी गुणाकार घातला. उत्तर चुकले. लोक हसले. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता, पण हसले. मी घाईघाईने "घाबरला, घाबरला" म्हणून वेळ मारून नेली. तेव्हा मला त्याची अब्रू वाचवायची होती की माझी, याचे उत्तर आज मला ठाऊक आहे. त्यानंतर त्याच्या वह्यांची मागची पाने कोरी राहू लागली. दहावीला गुण बरे पडले. पण आकड्यांशी आपणहून खेळताना तो पुन्हा कधी दिसला नाही.

काही वर्षांपूर्वी तो उद्यमबागेत भेटला. भागीदारीत लेथ मशीनचे वर्कशॉप चालवतो. चांगले चालले आहे. आग्रहाने चहा पाजला. मी भीतभीत तो जुना विषय काढला. तो हसला आणि म्हणाला, "सर, तुम्ही मला नेहमी 'किती' ते विचारलंत. 'कसं' ते एकदासुद्धा विचारलं नाहीत." मग टेबलावरच्या बिलाच्या पाठीवर त्याने मला दाखवले. सत्तेचाळीस म्हणजे पन्नासला तीन कमी, त्रेपन्न म्हणजे पन्नासच्या वर तीन. म्हणून पन्नासाच्या वर्गातून तिनाचा वर्ग वजा करायचा. अडीच हजार वजा नऊ. बीजगणिताच्या पुस्तकात हे सूत्र येते. त्याला मात्र पुस्तकाच्या आधी, सहावीत असताना, मागाच्या खडखडाटात बसून ते सापडले होते. "मला वाटायचं, हे फक्त मलाच दिसलंय. कुणाला तरी सांगायचं होतं."

ते त्याचे शेवटचे वाक्य घेऊन मी घरी आलो, आणि ते अजून माझ्यापाशी आहे.

मुलाची हुशारी कोणाच्या मालकीची, हा प्रश्न मला त्या दिवसापासून छळतो. आईबापांची म्हणावी, तर ते पोटाला चिमटा काढून मुलाला वाढवतात. त्यांनी तिच्याकडून काही आशा धरली तर चूक काय? शाळेची म्हणावी, तर अक्षर-आकडा तिनेच गिरवून घेतला. समाज म्हणतो, आमच्यातला एक पुढे गेला की दहा जणांना धीर येतो. यातला एकही दावा खोटा नाही. पण या सगळ्यांचे मुलाशी असलेले नाते राखणदाराचे आहे. राखणदारावाचून पीक घरात येत नाही, म्हणून काही राखणदार शेताचा मालक होत नाही. उभे पीक येणाऱ्या-जाणाऱ्याला उपटून दाखवण्याचा हक्क तर त्याला मुळीच नाही. मी नेमके तेच केले होते.

यावर कोणी विचारील, गरीब घराला निव्वळ आनंद परवडतो का? प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येत नाही. नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा किंवा एखादी शिष्यवृत्ती पास होऊन घराची दशा पालटलेली मुले मी स्वतः पाहिली आहेत. उलट बाजूला श्रीनिवास रामानुजन यांचे उदाहरण आहे. कुंभकोणमच्या घराच्या ओट्यावर पाटी घेऊन हा मुलगा तासन्‌तास बसे. घरी राहणाऱ्या कॉलेजच्या मुलांकडून त्याने पुस्तके मिळवली, त्यांना येत होते ते सारे शिकून घेतले. पण गणितापुढे बाकीच्या विषयांकडे ढुंकून पाहिले नाही, म्हणून कॉलेजची शिष्यवृत्ती गेली, परीक्षा बुडाली आणि पुढची कित्येक वर्षे ओढगस्तीत गेली. १९१३ साली हार्डींना पत्र गेले आणि दिवस पालटले. प्रत्येक रामानुजनला हार्डी भेटतोच असे नाही. म्हणून परीक्षा द्यावी, बाकीचे विषयही करावेत. मात्र परीक्षेतल्या प्रश्नाचे उत्तर आधीच कोणाच्या तरी कपाटात बंद असते. मूल स्वतः शोधून काढते त्या प्रश्नाचे तसे नसते. मुलाचा सगळा वेळ पहिल्या प्रकारच्या प्रश्नांनी भरून टाकला, तर दुसऱ्या प्रकारचे प्रश्न पडायचेच बंद होतात.

या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांवर आयुष्य काढलेले एक मास्तर आपल्यात होऊन गेले. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६). देवळालीच्या शाळेत शिक्षक. विद्यापीठातली मोठी जागा नाही की फार मोठी पदवी नाही. त्यांना आकड्यांचा नाद. कोणतीही चार आकडी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग उलटे मांडा, आणि मोठीतून लहान वजा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुन्हा तेच करा, ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. आणखी एकदा, ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता पुढे कितीही वेळा करा, ६१७४च येत राहील. कुठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत ६१७४ला पोहोचता. ही वजाबाकी चौथीतल्या मुलालाही येते. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेच्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात कापरेकरांविषयी लिहिले आणि जगभर त्यांचे नाव झाले. पण ते काही या नावासाठी वजाबाक्या करीत बसले नव्हते. त्याच्या आधी कितीतरी वर्षे ते आपल्या आनंदात खेळतच होते.

आठ दिवसांनी मी शहापुरात गेलो. दुकानात त्या गृहस्थांच्या पुढ्यात कापड पसरलेले, हातात खडू. शर्टाचे भाग कापडावर असे बेतत होते की चिंधीसुद्धा वाया जाऊ नये. मी विचारले, "हे करताना मुलीला शेजारी बसवता का?"

"छे हो सर! अभ्यास कर म्हणून आत पाठवतो."

मला हसू आले. एका ठरावीक कापडात जास्तीत जास्त तुकडे कसे बसवायचे, हा गणितातला मोठा अवघड प्रश्न. तो हा माणूस रोज सोडवतो आणि गणितावेडी मुलगी मात्र पाढे म्हणायला आतल्या खोलीत! मी म्हणालो, "तिला रद्दी कागद आणि कात्री द्या. तुम्ही बेतता तसे तिलाही बेतू द्या. तुमच्यापेक्षा कमी कागदात बसवून दाखवलं, तर हरलो म्हणून कबूल करा."

मग मी त्यांना आणखी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, 'किती?' एकदा विचारलेत तर 'कसं?' दोनदा विचारा आणि उत्तर तुम्हाला कळले नाही तर तसे मोकळेपणी म्हणा. मुलाला परीक्षक खूप भेटतात, ऐकून घेणारे कमी. दुसरी, चुकली तर लगेच दुरुस्त करू नका. तिची चूक तिला सापडू द्या, तो तिचा हक्क आहे. तिसरी गोष्ट सांगताना मला थोडे जड गेले. पाहुण्यांसमोर तिला उभी करू नका.

आतून आजी ऐकत होत्या. त्या गोकाककडच्या, मोजणे कन्नडातच. मी मुलीला जवळ बोलावले आणि विचारले, "बावन्न म्हणताना आधी काय ऐकू येतं?" ती म्हणाली, "दोन." आजींना विचारले, तर त्या म्हणाल्या, "ऐवत्तेरडु." आधी पन्नास, मग दोन. मुलगी चमकली. आकडा एकच, पण आई त्यात एका दाराने शिरते आणि आजी दुसऱ्या. एकोणतीसची तर आणखी मजा. आपण तिसातून एक काढतो, आजी विसात नऊ घालतात, इप्पत्तोंबत्तु. मुलीने पाटी ओढली. "सर, मग एकोणतीस सक म्हणजे एकशे ऐंशी वजा सहा, एकशे चौऱ्याहत्तर! नावातच सांगितलंय की!" आणि लगेच, "मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?" इथे मात्र माझे एम.ए. कामी आले. म्हणालो, "तो शब्द संस्कृतातल्या नवनवतिवरून आला. नऊ आणि नव्वद." ती म्हणाली, "म्हणजे तिथे आपण पण आजीसारखंच करतो."

सीमाभागातल्या आपल्या घरांतून दोन भाषांचा ताण आपण सगळेच सोसतो. पण आकड्याकडे दोन बाजूंनी बघण्याची सोयही त्याच घरात, फुकट, हाताशी असते, हे मला त्या मुलीने दाखवले. भास्कराचार्य विजापूरकडचे की खानदेशातल्या पाटणचे, यावर दोन्हीकडचे लोक हिरिरीने भांडतात. त्यांची 'लीलावती' ११५० साली लिहिली गेली. तिच्यातली भुंग्यांची आणि मोरांची उदाहरणे मात्र जो सोडवील त्याची होतात.

परवा ते गृहस्थ पुन्हा शाळेत आले, या वेळी एकटेच. गौरीच्या दिवशीची हकीगत सांगायला. मुलीच्या आईने दारात सात ठिपक्यांची रांगोळी मांडली होती. मधल्या ओळीत सात, वर आणि खाली सहा, पाच, चार असे उतरत एकावर. मुलगी उंबऱ्यात उभी राहून न मोजता म्हणाली, "एकोणपन्नास." आईच्या तोंडी शेजारणीला हाक मारायचे आले होते. ती हाक तिने गिळली आणि विचारले, "कसं गं?"

"मान वाकडी करून बघ."

वीस वर्षे ती बाई ही रांगोळी काढते आहे. तिने मान वाकडी केली. तिरक्या सात ओळी दिसल्या आणि प्रत्येक ओळीत सात ठिपके.

"मग काय सर, आम्ही तिघंही दारात मान वाकडी करून उभे. रस्त्यानं जाणारे बघायला लागले. आजीला काही पटेना. ती बसली आणि एकेक ठिपका बोटानं मोजत गेली. शेवटी म्हणाली, नलवत्तोंबत्तु. खरंच आहे म्हणाली."

"आणि क्लासचं काय ठरवलंत?" मी विचारले.

"पुढच्या वर्षी बघू, सर. सध्या तिला वेळ नाही."

या दिवाळीत तुमच्याही अंगणात ठिपके मांडले जातील. घरातले एखादे मूल रांगोळीपाशी बराच वेळ काही न बोलता उभे राहिले, तर त्याला पणत्या आणायला पाठवण्याची घाई करू नका. जमले तर जवळ जाऊन उभे राहा. कदाचित त्याला कोणाला तरी काही सांगायचे असेल.