‘आईचे नाव’ हा रकाना

दहावीच्या निकालाच्या दिवशी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या झेरॉक्सच्या दुकानासमोर जी गर्दी जमते, तिच्यात विनाकारण घुटमळण्याची मला जुनी खोड आहे. घरात शिकणारे मूल उरले नाही तरी ती सुटलेली नाही. 2025 च्या 13 मे रोजी दुपारी एक वाजता निकाल लागला, तेव्हाही मी तेथे होतो, आणि माझ्या पुढेच आमच्या ओळखीच्या एक शिवणकाम करणाऱ्या बाई आपल्या भाच्याला घेऊन उभ्या होत्या. दुकानदाराने मुलाच्या हातातील प्रवेशपत्र पाहून बैठक क्रमांकाचे एक अक्षर व सहा आकडे भराभर दाबले आणि मान वर न करता विचारले, “मावशी, तुमचं नाव सांगा.” बाईंनी सांगितले. पडद्यावर काही येईना. त्याने पुन्हा दाबले, पुन्हा तेच. तेव्हा मुलगा हळूच म्हणाला, “आत्या, तुझं नाही. आईचं लागतं.”

महाराष्ट्राच्या माध्यमिक शालान्त परीक्षेचा निकाल संगणकावर पाहायचा तर बैठक क्रमांकाबरोबर विद्यार्थ्याच्या आईचे नाव भरावे लागते, आणि गुणपत्रकावरही ते छापून येते. पितृनामाच्या अखंड सत्तेत वाढलेल्या आपल्या कागदपत्रांत आईला मिळालेले हे स्थान मला फार मोलाचे वाटते, आणि 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या आधी लिहावे, हा राज्य शासनाचा निर्णयही त्याच दिशेचा आहे. तथापि प्रत्येक न्याय्य रकान्याच्या कडेला कोणीतरी उभे राहून जाते. ज्या बाईने सात वर्षे त्या मुलाचा डबा भरला, तापात त्याच्या उशाशी रात्री काढल्या आणि भूमितीची प्रमेये स्वतःला न कळताही त्याच्याकडून पाठ म्हणून घेतली, तिचे नाव त्या कागदावर कोठे बसावे, याची तरतूद कोणी केलेली नाही.

कर्णाला त्याच्या जन्माचे रहस्य श्रीकृष्णाने सांगितले, तेव्हा सिंहासनाचा मोह बाजूस सारून त्याने राधेच्या वात्सल्याची साक्ष काढली, अशी कथा उद्योगपर्वात आहे; आणि महाभारताने त्याला ‘कौंतेय’ म्हणण्यापेक्षा ‘राधेय’ म्हणणेच अधिक पसंत केले. व्यासांना जे सुचले ते आमच्या छापील नमुन्यांना अद्याप सुचायचे आहे.

या बाईंचे भाऊ व भावजय आठ महिन्यांच्या अंतराने गेले, तेव्हा हा मुलगा नऊ वर्षांचा होता. गाव सुटले, शाळा सुटली, एक वर्ष वाया गेले, आणि तो आत्याच्या दोन खोल्यांत आला. कोणीतरी त्यांना बालसंगोपन योजनेची माहिती दिली. आईवडील नसलेल्या किंवा आजार, तुरुंगवास, विभक्तपणा अशा कारणांनी ज्यांचे पालक त्यांना सांभाळू शकत नाहीत, अशा मुलांना संस्थेच्या चार भिंतींत न ठेवता नातलगाच्या किंवा अन्य कुटुंबाच्या आश्रयाने वाढवावे आणि त्या कुटुंबाला शासनाने दरमहा हातभार लावावा, हे त्या योजनेचे तत्त्व. आणि ते सर्वथा योग्य आहे. बाल कल्याण समितीपुढे मुलाला हजर करून तिचा आदेश मिळवावा लागतो, गृहभेटीचा अहवाल होतो, आणि अर्जाला शिधापत्रिका, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाइड, मृत्यूचे दाखले व बँकेच्या पासबुकाची प्रत जोडावी लागते. शिवाय घरासमोर मुलासह उभे राहून काढलेला एक फोटोही लागतो. बाईंकडे असे काही फोटो जमले आहेत. पहिल्यात मुलगा त्यांच्या कमरेशी आहे आणि लेन्सकडे न पाहता चपलेकडे पाहतो आहे. अलीकडच्या फोटोत तो त्यांच्यापेक्षा वीतभर उंच असून त्याचा हात आत्याच्या खांद्यावर आहे. सरकारी दप्तरासाठी काढलेले हे फोटो म्हणजेच त्या घराचा कौटुंबिक आल्बम आहे. दुसरे फोटो काढण्याचे प्रयोजन किंवा पैसा त्यांच्यापाशी नव्हता.

या हातभाराची रक्कम पूर्वी 425 रुपये होती, पुढे ती 1100 झाली, आणि 2023 मध्ये योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देऊन ती 2250 करण्यात आली. दिवसाचे 75 रुपये. केंद्र सरकारच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेखाली याच स्वरूपाच्या साहाय्याची रक्कम दरमहा 4000 आहे. म्हणजे एकाच गल्लीतील दोन पोरक्या मुलांच्या पोटात पडणाऱ्या घासाची किंमत त्यांचे कागद कोणत्या टेबलावर गेले यावर ठरू शकते. दोन्ही मुलांची भूक सारखीच असते, हे सांगण्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची गरज नसावी.

सावित्रीबाईंचे नाव मात्र उचित ठिकाणी पडले आहे. 1863 मध्ये जोतीराव व सावित्रीबाई यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, आणि तेथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला पुढे दत्तक घेतले. तो यशवंत. तो शिकून डॉक्टर झाला, आणि 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई त्याच्या दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा करीत असता त्याच रोगाने गेल्या. यशवंत डॉक्टर झाला हे आपण अभिमानाने सांगतो, आणि येथेच मला थोडे थांबावेसे वाटते. तो डॉक्टर न होता, एखाद्या परीक्षेत अडखळून छापखान्यात खिळे जुळवीत बसला असता, तर त्या दांपत्याच्या कृतीचे मोल कमी भरले असते काय?

हा प्रश्न ऐतिहासिक कुतूहलाचा नाही; तो दरवर्षी मे-जूनमध्ये उभा राहतो. निकालानंतरच्या आठवड्यात वर्तमानपत्रांतून आईवडिलांविना वाढलेल्या आणि नव्वदच्या वर गुण मिळविलेल्या मुलांचे फोटो झळकतात, पेढा भरविणाऱ्या आजीचा हात त्यात दिसतो, स्थानिक पुढारी शाल घेऊन येतात. त्या मुलांचे कौतुक करू नये असे मी म्हणणार नाही. परंतु त्या कौतुकाच्या तळाशी एक हिशेबी समजूत लपलेली असते: समाजाने टाकलेला पैसा येथे सव्याज वसूल झाला, असा निःश्वास त्यात ऐकू येतो. मग ज्याला अठ्ठावन्न टक्के पडले त्याच्या आत्याने काय समजावे? त्या 2025 च्या परीक्षेत राज्याचा निकाल 94.10 टक्के लागला. मंडळाने तो नऊ विभागांनुसार सांगितला, मुलींची टक्केवारी मुलांपेक्षा अधिक असल्याचे सांगितले, आणि कोकण पुन्हा अग्रेसर व नागपूर शेवटी असल्याचेही सांगितले. उत्तीर्ण होणे ही जेथे सर्वसामान्य गोष्ट झाली आहे, तेथे अठ्ठावन्न टक्क्यांना कोणी वळूनही पाहत नाही. आणि तरी मला विचाराल तर, चौथीच्या वर्गातून उठून गेलेला, वर्षभर कोणाशी न बोललेला मुलगा इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेसमोर तीन तास स्वस्थचित्ताने बसू शकला, हीच त्या सात वर्षांची फलश्रुती आहे, आणि ती गुणांत मोजली जात नाही.

मध्यंतरी एका सुशिक्षित गृहस्थांनी माझ्याजवळ अशी सूचना मांडली, की संगोपनाचे अनुदान मुलाच्या शैक्षणिक प्रगतीशी जोडावे. म्हणजे पालकांवर वचक राहील आणि सरकारी पैशाचा विनियोग चोख होईल. सूचना ऐकायला टापटिपीची आहे. पण आपल्या पोटच्या मुलाला गणितात बत्तीस गुण पडले म्हणून त्या महिन्याचे वाणसामान कमी भरावे, असे त्या गृहस्थांना सुचले नव्हते. मूल सांभाळणाऱ्याला शासन जे देते ते बक्षीस नव्हे, आणि उसनवारीही नव्हे; मुलाचा पहिला आधार तुटल्यावर जी जबाबदारी वस्तुतः साऱ्या समाजाची होती ती एका शिलाई-यंत्रामागच्या बाईने आपल्या अंगावर घेतली, त्या ओझ्याचा तो अंशमात्र वाटा आहे. वाटा उचलणाऱ्याने फळाच्या अटी घालू नयेत.

आणि अटी नसल्या तरी मुदत आहेच. अठराव्या वर्षी ही मदत थांबते. ज्याचे शिक्षण सरळ झाले त्याची बारावी अठरा पूर्ण होण्याच्या आसपास आटोपते. पण ज्याचे एखादे वर्ष दुःखात बुडाले, आणि पोरक्या मुलांत अशी वर्षे पुष्कळदा बुडतात, त्याचा वाढदिवस परीक्षेच्या आधीच येऊन उभा राहतो. आमचा हा मुलगा 2026 च्या नोव्हेंबरात अठराचा होईल, आणि त्याची बारावीची परीक्षा फेब्रुवारीत येईल. ज्या दुर्दैवाने त्याला मदतीस पात्र केले, त्याच दुर्दैवाने गमावलेले वर्ष त्याला शेवटच्या टप्प्यावर मदतीवाचून ठेवणार. नियम करणाऱ्याच्या मनात दुष्टावा होता असे नव्हे. त्याच्या डोळ्यासमोर वर्ष वाया न गेलेले मूल होते, इतकेच.

दुकानातील गोष्ट अर्धी राहिली. आईचे नाव भरल्यावर निकाल उघडला, मुलाने टक्के वाचले, मागच्या रांगेतील कोणीतरी “पास ना? मग झालं!” म्हणाले. बाईंनी दोन प्रती काढायला सांगितल्या, एक अकरावीच्या प्रवेशासाठी आणि एक फायलीसाठी. मागे एकदा मृत्यूच्या दाखल्यात आणि शाळेच्या दाखल्यात भावजयीच्या नावाच्या एका वेलांटीची तफावत निघाली होती, आणि तेवढ्यावरून त्यांचा अर्ज शेरा मारून परत आला होता. प्रत हातात येताच त्यांनी चष्मा लावला, गुणांच्या रकान्याकडे पाहिलेही नाही, आणि वरच्या ओळीवर बोट ठेवून भाच्याला म्हणाल्या, “वहिनीचं नाव बरोबर आलंय ना, नीट बघ.”