बँड कोणाचा? नाइटविशच्या इतिहासातील एक पेच

फिनलंडच्या पूर्वेकडील किटे या छोट्या गावात 1996 मध्ये कीबोर्डवादक तुओमास होलोपाइनेन यांनी गिटारवादक एम्पू वुओरिनेन आणि गायिका तार्या तुरुनेन यांना सोबत घेऊन नाइटविश हा बँड उभा केला, तेव्हा त्यांना अभिप्रेत होते ते अकूस्टिक, म्हणजे विजेच्या वाद्यांविना होणारे संथ संगीत. परंतु ऑपेराच्या तालमीत घडत असलेला तुरुनेन यांचा सोप्रानो, म्हणजे स्त्रीकंठाच्या सर्वांत उंच पट्टीतला आवाज, त्या नाजूक साथीत मावेना, म्हणून साथच भारदस्त करण्यात आली. वेगवान ड्रम आणि ठसठशीत चाली असलेल्या पॉवर मेटलला वाद्यवृंदाची जोड दिली की सिम्फनिक पॉवर मेटल होते. नाइटविशच्या बाबतीत हा प्रकार एका गळ्याच्या गरजेतून आला, हे त्यांच्या चाहत्यांच्या वादांत बहुधा विसरले जाते.

पुढे मात्र तोल रचनाकाराकडे, म्हणजे होलोपाइनेन यांच्याकडे, झुकत गेला. 1998 च्या ‘ओशनबॉर्न’ या अल्बममध्ये वाद्यवृंदाचा भास प्रामुख्याने कीबोर्डवर उभा केलेला होता, 2002 च्या ‘सेंच्युरी चाइल्ड’मध्ये प्रत्यक्ष वाद्यवृंद आला आणि 2004 च्या ‘वन्स’साठी लंडनमधील वादक घेण्यात आले. त्यातील सुमारे दहा मिनिटांच्या ‘घोस्ट लव्ह स्कोअर’ या गाण्यात गायिका मधल्या भागात बराच काळ बाजूला राहते आणि समूहगान व तंतुवाद्ये कथानक पुढे नेतात, चित्रपटसंगीताकडे होलोपाइनेन यांचा असलेला ओढा येथे लपत नाही.

21 ऑक्टोबर 2005 रोजी हेलसिंकीतील मैफल संपल्यावर उर्वरित सदस्यांनी तुरुनेन यांना बँडमधून दूर केल्याचे पत्र दिले आणि ते जाहीरही केले. जाहीर पत्राचा मार्ग अशोभनीय होता, असेच म्हणावे लागते. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे ‘डार्क पॅशन प्ले’ या पुढच्या अल्बमची गाणी लिहून त्यांचे ध्वनिमुद्रण सुरू झाल्यानंतर, मे 2007 मध्ये, नव्या गायिकेचे, स्वीडनच्या आनेट ओल्झन यांचे, नाव जाहीर झाले. ज्या बँडचे रूप एका कंठाने ठरवले होते, तो आता कंठाची जागा रिकामी ठेवून रचना करू शकत होता.

तरीही रचना म्हणजेच बँड, हा निष्कर्ष टिकत नाही. ओल्झन यांचा आवाज पॉप वळणाचा असल्यामुळे जुनी गाणी त्यांच्याकडून ऐकताना श्रोत्यांना काहीतरी निसटल्यासारखे वाटे, आणि त्यात दोष गायिकेचा नव्हता, कारण ती गाणी दुसऱ्याच गळ्याच्या मापाने बेतलेली होती. 2012 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या दौऱ्यातच त्या बाहेर पडल्यावर डच गायिका फ्लोअर यान्सेन अल्प सूचनेवर मंचावर उभ्या राहिल्या. 2013 च्या वाकन या मेटल महोत्सवात त्यांनी गायलेल्या ‘घोस्ट लव्ह स्कोअर’च्या अखेरच्या आवर्तनांत ऑपेराची उंची आणि रॉकची खरखर इतकी एकजीव झाली, की तुरुनेन यांच्यासाठी लिहिलेले ते गाणे अनेकांच्या लेखी यान्सेन यांचे ठरले. स्वरलिपी तीच राहिली, कृती मात्र बदलली.

याउलट होलोपाइनेन यांनी 2020 च्या ‘ह्यूमन. :II: नेचर.’ या अल्बमची दुसरी तबकडी जवळजवळ संपूर्णपणे वाद्यवृंदाला दिली. तीत मेटल नाही, गायिका नावापुरती आहे. रचनाकाराच्या एकछत्री सत्तेची ती परिसीमा होती, आणि ती तबकडी सुंदर असली तरी नाइटविशची म्हणून कोणी ती ओळखेल, असे वाटत नाही.