घातचतुर्दशी आणि सड्यावरची फुले

भाद्रपद वद्य चतुर्दशीपुढे पंचांगात 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' एवढेच छापलेले असते. आपण ते वाचतो आणि पुढे सरकतो, कारण दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या, आणि घरातली सारी गडबड तिची. या तिथीला घातचतुर्दशी असेही म्हणतात. श्राद्धाच्या तिथी सांगताना याज्ञवल्क्यांनी चतुर्दशी इतरांसाठी वर्ज्य केली आणि जे शस्त्राने मेले त्यांच्यासाठी ती राखून ठेवली. आज ज्याला आपण जवानांचा स्मृतिदिन म्हणतो, तो आपल्याकडे इतका जुना आहे.

आता त्याच दिवशी घराबाहेर पाहावे तर काय असते? पाऊस सरत आलेला, ओढे भरलेले, बांधावर तेरडा, डोंगरउतारावर सोनकीचा पिवळा सडा. वर्षातला सर्वांत देखणा पंधरवडा, आणि तोच पितरांचा! हा योग मला पुष्कळ वर्षे खुपत असे. स्मरण करावे त्याने खाली मान घालावी, फुलांकडे पाहू नये, असे माझे मत होते. ते मत कसे गेले ते सांगतो. त्यात माझी चूक आहे, आणि वाचक माउलींपासून ती झाकण्यात काही अर्थ नाही.

सातारच्या पश्चिमेकडच्या एका गावी त्रयोदशीच्या रात्री माझे कीर्तन होते. गावचा एक तरुण जवान आदल्या वर्षी उत्तर सीमेवर कामी आला होता. त्याच्या नावाने ती सेवा होती. पूर्वरंग संपता संपता चारपाच पोरे ओल्या कपड्यांनी, हसतखिदळत देवळात शिरली. धबधब्यावरून आली होती. मी तिथेच त्यांच्यावर घसरलो. म्हटले, "तो तिकडे बर्फात पडला, आणि तुम्ही इकडे पाण्याखाली नाचता! लाज कशी वाटत नाही?" लोकांनी टाळ्या दिल्या. कीर्तनकाराला टाळीची भूक असते, खोटे कशाला बोलू. एक पोरगा मात्र उठला आणि निघून गेला.

सकाळी जवानाचे वडील, त्यांना गाव आबा म्हणते, मला घेऊन वर सड्यावर निघाले. तर्पण तिथल्या ओढ्यावर करायचे होते. मुलाचे बापाने करू नये असे शास्त्र सांगते. पण स्नेहाने केले तर दोष नाही अशी सोयही ठेवते. आबा दक्षिणेकडे तोंड करून बसले. मी मंत्र सांगत होतो, ते दर्भ आणि तीळ घेऊन अंगठा व तर्जनी यांमधून पाणी सोडीत होते. मुलाने बापाला द्यायचे पाणी बाप मुलाला देत होता. माझा कंठ दाटला, आणि दाटलेला असतानाच माझी दृष्टी पलीकडे गेली. कातळावर बोटभर माती, आणि तेवढ्या मातीत निळ्याजांभळ्या फुलांचा गालिचा. त्या फुलाला लोक 'सीतेची आसवं' म्हणतात. वर ऊन आले आणि सगळा सडा उजळला. मला आनंद झाला. खरा, उघडा आनंद! लगेच शरमही वाटली, की तर्पणाच्या मंत्रात आपले मन कुठे गेले.

आबांच्या ध्यानात ते आले असावे. पाणी सोडून झाल्यावर म्हणाले, "बघा की महाराज, चांगलं बघा. थोरला सुट्टीवर आला की घरात बॅग टाकायचा नि पयला हितं पळायचा. दोघं भाऊ मिळून जायाचे धबधब्याला. काल तुम्ही ज्याला बोललात त्यो माझा धाकटा. वरीसभर पोरगं घराबाहेर पडलं नव्हतं. काल गेलं, तवा हिनं देवापुढं साखर ठेवली."

मला मान वर करता येईना.

खाली उतरताना माझे पाठांतर माझ्यावरच उलटले. तर्पणाचा शेवट आपण कुठे करतो? ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सर्व तृप्त होवोत, असा. म्हणजे मेलेल्या मुलाला दिलेल्या त्याच ओंजळीत समोरचे गवतही आले. ज्या गवताला आपण पाणी दिले त्याच्याकडे पाहायचे नाही, हे कुठले शास्त्र? आणि सुतकाला तरी दिवसांची मर्यादा का घातली? दुःखाने माणूस गिळू नये म्हणून.

आळंदीचे उदाहरण तर आपल्या रोजच्या ओळखीचे. कार्तिक वद्य त्रयोदशीला समाधिसोहळ्याचे कीर्तन नामदेवरायांच्या वंशजांकडे, नामदासांकडे असते. शके १२१८ ची घटना, पण जणू आज घडते आहे अशी ऐकताना माणसे हुंदके देतात. तीच माणसे थोड्या वेळाने इंद्रायणीच्या काठी ऊन खात बसतात, शिदोरी सोडतात, पोरांना पाण्यात पाय घालू देतात. त्यांना कोणी म्हणते का, की तुम्ही माउलींना विसरलात?

यावर कोणी विचारील, की बुवा, मग सगळेच चालते? सड्यावर बाटल्या फोडणारे, फुले तुडवणारे, तेही स्मरणच करतात काय? नाही. त्यांना फूलही दिसत नाही, मग जवान कुठून दिसणार! पण विस्मरणाची खूण हसण्यात शोधू नये. ती मला दुसरीकडे सापडली.

साताऱ्याजवळ अपशिंगे गाव आहे. तिथून इतके लोक फौजेत गेले की त्याला मिलिटरी अपशिंगे म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. त्या युद्धानंतर सरकारने देशभर कितीतरी गावी दगडी पाट्या बसवल्या: या गावातून इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. पाटीवर आकडा आहे, नाव नाही. आपण वारकरी नामाची माणसे. विठोबाला कोणी 'एक देव' म्हणून हाक मारतो का? फ्रान्समध्ये नव्ह शापेल येथे १९२७ साली उभारलेल्या स्मारकावर मात्र ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे कोरली आहेत. ज्यांचे थडगे सापडले नाही त्यांची.

आपल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांचेही थडगे नाही. मराठा पलटणीतून गेलेले घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, बरोबरचे सगळे पडल्यावर एकटे शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले. ती बंद पाडली आणि मग स्वतः गोळी लागून पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ साली तिथल्या मोंतोने गावाने त्यांचे स्मारक केले ते कसे, तर सूर्यघड्याळाचे! आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे वाक्य त्यावर आहे. हे ऐकल्यावर मी बराच वेळ गप्प बसलो होतो. ढग असताना ते घड्याळ मुके. लख्ख ऊन पडले, लोक हिंडायला बाहेर पडले, की तेव्हाच त्याची सावली सरकते आणि ते बोलू लागते. त्या गावकऱ्यांना आपले शास्त्र कोणी सांगितले होते?

त्या सकाळी परत आल्यावर मी धाकट्याला शोधले. तो गोठ्यात होता. मी म्हटले, "बाळ, काल मी चुकलो." तो काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "महाराज, कीर्तनात तुम्ही 'वीर जवान, वीर जवान' म्हणत होता. दादाचं नाव एकदाच घेतलंत."

पुढच्या वर्षी आमंत्रण नसताना मी त्या तिथीला तिथे गेलो. तर्पणात आबांबरोबर मीही ते नाव गोत्रासह मोठ्याने उच्चारले. नंतर धाकट्याने माझा हात धरला आणि मला, या वयात, थेट धबधब्याखाली नेऊन उभे केले. आबा काठावर बसून हसत होते. माझे उपरणे वाळायला दुपार झाली.