धुऱ्यावरचे दोन धनी

आमच्या उंद्रीकडे दोन शेतांमधल्या बांधाला धुरा म्हणतात. आजोबा सांगत, ‘धुरा सरकवायला हरकत नाही, पण दोन्ही धनी हजर हवेत, अन् तेही दिवसाउजेडी.’

यंदा फराळाच्या वेळी घटनादुरुस्तीचा विषय निघाला, तेव्हा मला हे आठवले. लोकसभेच्या आणि विधानसभांच्या निवडणुका एकत्र घेण्यासाठी १७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत १२९ वे घटनादुरुस्ती विधेयक मांडले गेले. पुतण्या म्हणाला, ‘खर्च वाचेल, काका.’ वहिनी म्हणाल्या, ‘घटनेला हात लावावाच कशाला?’

मला दोन्ही मते अपुरी वाटली. घटना बदलणे पाप नव्हे. ती २६ जानेवारी १९५० ला अंमलात आली आणि पहिली दुरुस्ती १९५१ मध्येच झाली. कलम ३६८ ने ही वाट मोकळी ठेवली, पण अरुंद ठेवली: दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचे बहुमत हवे आणि मत देणाऱ्यांत दोन-तृतीयांश अनुकूल हवेत. धुऱ्यावर साक्षीदार उभे करण्याचाच हा प्रकार!

एकत्र निवडणुकाही नव्या नाहीत. १९६७ पर्यंत त्या बहुतेक एकत्रच होत. माझी अडचण निराळी आहे. या विधेयकानुसार विधानसभा मध्येच विसर्जित झाली, तर नवी विधानसभा उरलेल्या मुदतीपुरतीच निवडायची. म्हणजे पाच वर्षांसाठी द्यायचे मत कधी दीड-दोन वर्षांपुरतेच उरेल. खर्च वाचेल तो सरकारचा. आखडेल ते मतदाराचे माप. त्याला विचारले कोणी?

आणि लिहिलेले तरी आपण पाळतो का? १९९२ च्या ७३ व्या दुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत जागा दिली, पंचायतींत स्त्रियांसाठी किमान एक-तृतीयांश जागा राखल्या आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे असे बजावले. तरीही महाराष्ट्रात अनेक जिल्हा परिषदांची मुदत २०२२ मध्ये संपली, आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला आणि कारभार वर्षानुवर्षे प्रशासकांनी पाहिला. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला.

जुना शब्द मोडून नवा देणाऱ्यावर गावात कोणी विश्वास ठेवत नाही. देशाला निराळा न्याय का असावा?

पुतण्या गप्प झाला. मी त्याला म्हटले, ‘आधी ते विधेयक नीट वाच, मग भाऊबीजेला पुन्हा भांडू.’

वहिनी म्हणाल्या, ‘मलाही वाचायला द्या.’