मळखेडची रास

बिदर-कलबुर्गी पट्ट्यात सुगी संपत आली की 'रास झाली का' असे विचारतात. तूर कापून, बडवून, वाऱ्यावर धरून खळ्यात दाण्यांचा ढीग उभा राहिला की ती रास. गणिताच्या जुन्या पोथ्यांत संख्येसाठी जो शब्द येतो तोही राशी. औराद तालुक्यातल्या संतपूरच्या शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द आणि मळखेडच्या एका गणितज्ञाच्या सूत्रातला शब्द मुळात एकच आहे. त्या गणितज्ञाने, महावीराचार्यांनी, इ. स. ८५०च्या सुमारास राशीबद्दल एक विधान केले: राशीला शून्याने भागले तर ती जशीच्या तशी राहते. हे विधान चूक आहे. पण या चुकीचे पुढच्या काही शतकांत काय झाले ते पाहिले, की संशोधन कसे जगते हे बरोबर उत्तरांच्या कौतुकापेक्षा जास्त नीट कळते, असे मला वाटते.

मळखेड आज सेडम तालुक्यात कागिणा नदीकाठी पडक्या किल्ल्याचे गाव आहे. नवव्या शतकात ते मान्यखेट होते, राष्ट्रकूटांची राजधानी. अमोघवर्षाच्या दीर्घ कारकिर्दीत तिथे जे ग्रंथ झाले त्यांचा आवाका थक्क करतो. कन्नडमधला उपलब्ध असलेला सर्वांत जुना ग्रंथ 'कविराजमार्ग' याच दरबारातला. शाकटायनाने आपल्या व्याकरणावरच्या वृत्तीला राजाचेच नाव दिले, अमोघवृत्ती. उग्रादित्याचा 'कल्याणकारक' हा वैद्यकग्रंथही याच परिसराशी जोडला जातो. महावीराचार्यांचा 'गणितसारसंग्रह' या मेळ्यातला, आणि त्याच्या आरंभीच त्यांनी आपली भूमिका मांडली आहे: अर्थशास्त्र, संगीत, नाट्य, पाकशास्त्र, वैद्यक, वास्तू, छंद, व्याकरण, सगळीकडे गणित लागते. अशी प्रस्तावना कोणीही लिहील, पण त्यांनी ती निभावली. तुरट, कडू, आंबट, तिखट, खारट, गोड या सहा रसांचे एकेक, दोन-दोन, तीन-तीन असे किती मेळ होतील, असा प्रश्न ते घालतात. उत्तर ६३. वैद्यांना हा आकडा सुश्रुतसंहितेपासून ठाऊक होता, पण तो एकेक मेळ मोजून मिळवलेला. महावीराचार्य त्याच्यासाठी सर्वसाधारण सूत्र देतात, आणि तेच सूत्र रत्नांच्या हारालाही चालवून दाखवतात. वैद्याच्या औषधी रसांपासून जवाहिऱ्याच्या रत्नांपर्यंत एकच रीत पोचते, हा त्या ग्रंथाचा खरा आनंद आहे.

मग एवढ्या ताकदीचा माणूस शून्याच्या भागाकारात का चुकला? त्यांच्या आधी दोनशे वर्षांवर, ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्ताने शून्याचे नियम लिहिले होते. शून्याला शून्याने भागले तर शून्य, असे तो म्हणतो. दुसऱ्या संख्येला शून्याने भागले तर शून्य छेदात तसेच ठेवा म्हणतो आणि पुढे काही बोलत नाही. महावीराचार्यांनी ही गप्प जागा भरायला घेतली. भागणे म्हणजे वाटणे, असे धरले तर त्यांचे उत्तर समजते. खळ्यात बारा मापांची रास आहे आणि वाटा घ्यायला कोणीच आले नाही. संध्याकाळी खळ्यात काय उरेल? बारा मापे. रास हललीच नाही. हा विचार भोळा नाही, व्यवहारातून आलेला आहे. गडबड होते ती ताळा पाहताना. बारा भागिले शून्य बरोबर बारा असेल, तर बाराला शून्याने गुणून पुन्हा बारा यायला हवेत. आणि शून्याने गुणले तर शून्य, हे तर त्याच श्लोकात त्यांनीच लिहिलेले. दोन नियम शेजारी बसलेत आणि एकमेकांना खोटे पाडताहेत. त्याच ग्रंथात ऋण संख्या स्वभावतः वर्ग नसल्यामुळे तिला वर्गमूळ नाही, असे काटेकोर विधान करणाऱ्या माणसाच्या हातून हे झाले.

पण चूक स्पष्ट शब्दांत लिहिलेली होती. शून्याची आठ परिकर्मे, म्हणजे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग, घन आणि त्यांची मुळे, ही गणिताच्या ग्रंथांत ठरीव जागा होऊन बसली होती. ग्रंथ लिहायचा तर त्या जागी थांबून काहीतरी सांगणे भाग होते. माझ्या मते या विचाराची वाढ त्या सक्तीमुळे झाली. अकराव्या शतकात रोहिणीखंडचा श्रीपती त्या जागी आला. हे गाव म्हणजे आजचे बुलढाणा जिल्ह्यातले रोहिणखेड असावे, असे मानतात, आणि त्याच्या 'ज्योतिषरत्नमाले'वरच्या मराठी टीकेचे नाव मराठी गद्याच्या आरंभकाळात घेतले जाते. शून्याने भागलेल्या राशीला त्याने 'खहर' म्हटले. राशी तशीच राहते, हे उत्तर इथे सुटले आणि या वस्तूला स्वतंत्र नाव मिळाले. ११५०मध्ये भास्कराचार्यांनी त्या नावात आशय भरला: खहर राशी अनंत आहे, तिच्यात कितीही मिळवा, कितीही काढा, तिच्यात फरक पडत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही. भास्कराचार्य आपल्या 'बीजगणित' ग्रंथाच्या शेवटी ब्रह्मगुप्त, श्रीधर, पद्मनाभ यांची नावे घेतात, महावीराचार्यांचे घेत नाहीत. मग मळखेडपासून त्यांच्यापर्यंत ओढलेली रेघ आपल्या प्रांताभिमानाची तर नाही? गुरुशिष्याची रेघ मीही ओढत नाही. पण भास्करांच्या 'लीलावती'तला शून्याचा नियम बारकाईने वाचावा. शून्याने गुणलेली राशी शून्य होते, हे खरे; मात्र पुढचा विधी शिल्लक असेल तर तिला लगेच शून्य करू नका, 'खगुण' म्हणून ठेवा, आणि नंतर शून्याने भागायची वेळ आली तर ती राशी 'अविकृत' समजा. महावीराचार्यांच्या सूत्रातला शब्द आहे 'अविकारी'. राशी बदलत नाही, हे मळखेडचे म्हणणे इथे पुन्हा आले आहे, फक्त त्याला अट लागली: आधी शून्याने गुणलेले असेल तरच. भास्करांनी ते पान वाचले असो वा नसो, चुकीच्या उत्तरातला खरा अंश ज्या ठिकाणी लागू पडतो ते ठिकाण त्यांनी दाखवले.

अशी कामे हवेवर चालत नाहीत. चाळीसगावजवळच्या पाटण येथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५मध्ये अभ्यासकांपुढे आणला. शके ११२८चा, म्हणजे १२०७चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला उत्पन्न लावून दिले, असे त्यात आहे. लेख संस्कृतात चालतो आणि देणग्यांपाशी मराठीत येतो, कारण त्या देणाऱ्यांना समजायला हव्या होत्या. पाटणच्या बाजारात जो माल उघडेल त्याच्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला येणारा भाग मठाला. तेल्यांच्या घाण्यांमागे पळीपळी तेल मठाला. अनंत राशीचा विचार त्या पळीभर तेलाच्या दिव्यात वाचला गेला असणार. संशोधनाच्या इतिहासात भास्करांच्या ओळीबरोबर त्या तेल्यांचीही ओळ असावी, असे मी आग्रहाने म्हणेन.

महावीराचार्यांच्या पोथीचे तसेच झाले. अकराव्या शतकात पावुलूरी मल्लनाने ती तेलुगूत आणली. दक्षिणेत, कन्नड लिपीतल्या ताडपत्रांवरही, ती टिकली, आणि अशा पोथ्यांवरून एम. रंगाचार्यांनी १९१२मध्ये मद्रासहून ती छापली. १९५६ला बिदर जिल्हा तुटला, उदगीर, अहमदपूर, निलंगा महाराष्ट्रात गेले आणि औराद कर्नाटकात राहिले, म्हणून आज आपण महावीराचार्य कोणाचे असा वाद घालू शकतो. त्यांचा ग्रंथ संस्कृतात होता, सांभाळणारे कन्नड-तेलुगू होते, आणि प्रश्न पुढे नेणाऱ्यांत बुलढाण्याचा श्रीपतीही होता.

आमच्या पूर्वजांना सगळे आधीच ठाऊक होते, असे म्हणणाऱ्यांना ही हकीकत सोयीची नाही. ठाऊक नव्हते, चुकत होते, आणि चुकलेले लिहून ठेवत होते. उलट बाजूने, हे सगळे शब्दांचे खेळ होते आणि खरे गणित युरोपात झाले, असे म्हणणाऱ्यांनी कृष्ण दैवज्ञाला वाचावे. त्याचे घराणे मूळचे विदर्भातल्या पयोष्णीकाठचे, पुढे काशीला गेलेले. १६००च्या सुमारास भास्करांच्या 'बीजगणिता'वरच्या टीकेत तो लिहितो की भाजक जसजसा लहान तसतसा भागाकार मोठा. भाजक अगदी शेवटपर्यंत लहान केला तर भागाकार शेवटपर्यंत मोठा. आणि तो 'इतका' असे सांगता आले तर तो शेवटचा नव्हे. शून्यावर एकदम उडी न मारता त्याच्याकडे पायरी पायरीने जाणे, ही कल्पना इथे उघड दिसते. तिला चोख व्याख्या मिळाली ती एकोणिसाव्या शतकात कोशी आणि त्याच्यानंतरच्यांच्या हातून, हेही तितकेच खरे आहे. आजचे गणित शून्याने भागाकाराला अर्थच देत नाही, भास्करांचे अनंतही ते संख्या म्हणून मान्य करत नाही.

तरी 'लीलावती'तले ते उदाहरण आज करून पाहण्यासारखे आहे. एका राशीला शून्याने गुणले, तिचे अर्ध तिच्यात मिळवले, तिप्पट केली, शून्याने भागले, तर ६३ आले, राशी कोणती? भास्करांचे उत्तर १४, आणि असे गणित ग्रहगणितात फार उपयोगी आहे अशी पुस्ती. शून्य शब्दशः घेतले तर सगळे तिथेच बुडते. त्याच्या जागी ०.१ घ्यावे: १४चे १.४, अर्ध मिळवून २.१, तिप्पट ६.३, भागून ६३. मग ०.०१ घ्यावे: ०.१४, ०.२१, ०.६३, आणि भागून पुन्हा ६३.